नाकातली नळी वर्षभर राहिली; पुढं काय?

मामा, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. भाची तीन वर्षांची. जन्मतः रडली नव्हती. आता सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं) आहे, झटक्यांची औषधं चालू आहेत, मान अजून धरत नाही. मागच्या वर्षी न्यूमोनियात दवाखान्यात असताना नाकातून नळी घातली, सुट्टी देताना "सध्या राहू द्या" म्हणाले, आणि ती नळी आजही आहे. दिवसातून सहा वेळा शंभर मिली दूध, निम्मं पाणी घालून, आणि कधीमधी त्याऐवजी वरणाचं पाणी. वजन साडेसात किलोवर अडकलंय. आता डॉक्टर पोटातून नळी टाकू म्हणतात, बहिणीच्या सासूबाई म्हणतात पोट फाडण्यापेक्षा तोंडानंच भरवा, आणि दसऱ्यानंतर घरची मंडळी ऊसतोडीला निघायची आहेत. नाकातली नळी किती दिवस ठेवता येते, पोटातली धोक्याची आहे का आणि वजन का वाढत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात बरीच वर्षं काम करतोय. आपल्याकडे नळीवर असलेली जी लेकरं मी पाहतो, त्यांतल्या बहुतेकांना ती नळी दीर्घकाळासाठी म्हणून कुणी घातलेलीच नसते. आजारपणात, चार दिवसांसाठी घातलेली असते. मग आजार बरा होतो, सुट्टी होते आणि नळी तशीच घरी येते. ती कायमची लागणार आहे असं कुणी बोलत नाही, म्हणून आहार ठरत नाही, आईला नळी बदलायला शिकवलं जात नाही, तोंडाकडे कुणी बघत नाही, पुढच्या तपासणीची तारीखही नसते. तुमच्या भाचीच्या बाबतीत पोटातली नळी घ्यायची की नाही याच्याही आधी हे घडायला हवं: ही नळी वर्षानुवर्षं लागू शकते हे घरातल्यांनी आणि डॉक्टरांनी समोरासमोर बसून एकदा मान्य करायचं. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

वजनाचं आधी बोलू, कारण त्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. सहा वेळा शंभर मिली म्हणजे दिवसाला सहाशे मिली, त्यात निम्मं पाणी. गाईच्या शंभर मिली दुधात साधारण ६५ कॅलरी असतात. म्हणजे तिच्या पोटात दिवसाला जेमतेम २०० कॅलरी जातात. ज्या वेळी दुधाऐवजी वरणाचं पाणी जातं, त्या वेळी तेवढ्याही नाहीत. वरणाच्या पाण्यात डाळीचा वास आणि मीठ असतं, डाळ खालीच राहते. न चालणाऱ्या मुलीला खेळत्या-पळत्या मुलाइतक्या कॅलरी लागत नाहीत हे खरं, तरी इतक्या खाली गेलेल्या लेकराला साडेपाचशे-सहाशेच्या आसपास तरी लागतीलच. नेमका आकडा तिची लांबी, दंडाचा घेर आणि पुढच्या महिन्याभरातलं वजन पाहून ठरेल. पाणीसुद्धा कमी पडतंय. साडेसात किलोच्या मुलाला किलोमागे १०० मिली, म्हणजे दिवसाला साडेसातशे मिली द्रव लागतो, आणि हा हिशेब साध्या दिवसांचा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ला जातो तेव्हा जास्त. तिला चार-चार दिवस शौचाला होत नसेल तर कारण इथंच शोधा. कोठा जड राहिला की उलट्या वाढतात, उलट्या वाढल्या की घरचे दूध आणखी पातळ करतात, आणि वजन आणखी खाली जातं.

आता हे वाचून उद्यापासून दूध तिप्पट करू नका. इतकं कुपोषित लेकरू असलं आणि एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि हृदयावर ताण येतो. यात मुलं दगावतात. जिल्हा रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरुग्ण विभागात दाखल करून, रक्त तपासत, शंभर मिलीला ७५ कॅलरीच्या पातळ आहारापासून सुरुवात करतात आणि मग हळूहळू १००पर्यंत नेतात. हे काम दवाखान्यातच व्हावं.

घरी आल्यावर काय घालायचं? तयार डबे चांगले असतात. त्यांत सगळी जीवनसत्त्वं, खनिजं मोजून घातलेली असतात आणि नळी तुंबत नाही. पण महिनोन्महिने ते परवडणारी घरं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी घरच्या आहारावर भर देतो. पाणी न घातलेलं शंभर मिली दूध, त्यात सपाट चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा तेल घातलं की कॅलरी शंभरच्या थोड्या वर जातात. तेल करडईचं, सूर्यफुलाचं, घरात असेल ते. ते वर तरंगत राहू नये म्हणून कोमट दुधात चांगलं घुसळून घ्यायचं. दिवसातल्या दोन-तीन वेळा दूध, बाकीच्या वेळा तांदळाची किंवा ज्वारीची पेज आणि शिजवून घोटलेली मुगाची डाळ, मिक्सरमधून काढून, बारीक चाळणीतून दोनदा गाळून. शेंगदाण्याचं कूट, राजगिरा, पालेभाजी हे सगळं उत्तम अन्न आहे, पण नाकातल्या ८ नंबरच्या नळीतून जाणार नाही. ती नळी बाहेरून मोजली तरी पावणेतीन मिलिमीटरची आहे, आतलं भोक त्याहून लहान.

पेज घट्ट होते, पातळ केली की कॅलरी जातात, हा पेच सगळ्यांनाच पडतो. त्यावर आपल्या आज्यांना ठाऊक असलेला उपाय आहे. गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, मोड चोळून काढून हलकेच भाजायचे आणि पीठ करायचं. पेज शिजली की गॅस बंद करायचा, उकळी बसू द्यायची आणि गरम असतानाच अर्धा चमचा हे पीठ घालून ढवळायचं. पाच-सात मिनिटांत घट्ट पेज पाण्यासारखी सुटते. मोडाच्या धान्यातलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य पिष्ट तोडतं म्हणून हे होतं. मग पुन्हा एक उकळी द्यायची. हे गव्हाचं किंवा नाचणीचं करा, ज्वारीचं नको. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सुटणारं द्रव्य असतं. पावसानं ओढ दिली की कोवळी ज्वारी खाऊन जनावरं मरतात, ती त्याचमुळं.

नुसत्या दुधावर वर्षभर राहिलेल्या लेकराला रक्त कमी असणार हे मी न तपासता सांगू शकतो. लोह, झिंक, ड जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागेल. झटक्यांच्या काही औषधांनी ड जीवनसत्त्व आणखी घटतं आणि हाडं ठिसूळ होतात. उभं न राहणाऱ्या मुलांची मांडी कपडे बदलतानासुद्धा मोडलेली मी पाहिली आहे.

औषधांचं एक सांगतो. गोळ्या कुटून दुधात मिसळून देऊ नका. आधी पाणी, मग एक औषध, मग पाणी, मग दुसरं औषध, शेवटी पुन्हा पाणी. पाणी दर वेळी पाच मिली पुरे. फेनिटॉईन हे झटक्यांचं औषध चालू असेल तर दूध आणि औषध यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही आणि झटके वाढतात. मग डोस वाढवला जातो. ज्या गोळीवर ‘एसआर’ किंवा ‘सीआर’ लिहिलंय, म्हणजे जिच्यातलं औषध सावकाश सुटतं, ती कुटायची नाही. ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधाच्या कॅप्सूलमधले बारीक दाणे नळीत हमखास अडकतात, दुसरा पर्याय मागून घ्या. नळी तुंबलीच तर कोमट पाणी भरून पंधरा मिनिटं थांबा, सिरिंजनं हलकं ओढा, सोडा. तार घालू नका, कोल्ड्रिंक ओतू नका. आणि गुटी, काढा, अंगारा यांतलं काहीही नळीत जाणार नाही हे घरात एकदा ठणकावून सांगा. अंगारा कपाळाला लावावा.

आता नाकातली नळी किती दिवस ठेवायची ते. यात दोन हिशेब आहेत. एक, तीच नळी किती दिवस चालते. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते ती स्वस्त पीव्हीसीची नळी पाच-सात दिवसांनी बदलायची असते. जठरातल्या आम्लानं ती कडक होते आणि आतून टोचायला लागते. पॉलीयुरेथेनची किंवा सिलिकॉनची मऊ नळी महिना-दीड महिना चालते. महाग असते, पण दर आठवड्याला लेकराचं नाक सोलण्यापेक्षा परवडते. दुसरा हिशेब, नाकातून नळी असण्याचा एकूण काळ. चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असं दिसलं की पोटातल्या नळीचा विचार सुरू करावा, असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्या भाचीनं ती मुदत केव्हाच ओलांडली आहे. जास्त दिवस ठेवल्यानं नाकपुडीला जखम होते, सायनस आणि कानाचे संसर्ग वारंवार होतात, जठराचं तोंड नळीमुळं किंचित उघडं राहून अन्न वर येतं. घशात सतत काहीतरी अडकलेलं असल्यानं लेकरू गिळण्याचा प्रयत्नच सोडून देतं. गालावर चिकटपट्टीचे व्रण पडतात ते वेगळेच.

सगळ्यांत मोठा धोका मात्र नळी चुकीच्या जागी जाण्याचा. तिला खोकला नीट येत नाही, त्यामुळं नळी श्वासनलिकेत गेली तरी ती ठसकेलच असं नाही. सिरिंजनं हवा मारून पोटावर कान लावायचा आणि गुडगुड आवाज आला की ‘बरोबर आहे’ म्हणायचं, ही पद्धत अजून सगळीकडे चालते. तिच्यावर विसंबू नका. नळी फुप्फुसात असली तरी तो आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळी घालताना नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीचं हाड संपतं तिथपासून बेंबीपर्यंतच्या मध्यापर्यंत मोजायचं, नाकाशी येणाऱ्या जागी पक्क्या पेननं खूण करायची. प्रत्येक वेळी दूध देण्याआधी ती खूण जागेवर आहे का पाहायचं, सिरिंजनं नळीतून पोटातलं थोडंसं पाणी ओढायचं आणि पीएच पट्टीवर, म्हणजे रंगावरून आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर, टाकायचं. ५.५ किंवा त्याखाली आलं तर नळी जठरात. ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर आकडा वर येऊ शकतो, त्या मुलांचं गणित डॉक्टरांकडून वेगळं समजून घ्या. पट्ट्यांचं पाकीट कुठल्याही प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतं. खूण सरकली, पट्टीचा रंग पटत नाही, दूध सुरू करताच लेकराचा श्वास वाढला किंवा ओठ निळे पडले, तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. शंकेची नळी असताना एक घोटही द्यायचा नाही. एक वेळ उपाशी राहिलेलं लेकरू सावरता येतं.

दूध देताना तिला आडवं ठेवू नका. मांडीवर किंवा गुंडाळलेल्या गोधडीला टेकवून धड अर्धं उभं, आणि नंतरही अर्धा तास तसंच. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका आणि दूध आपल्या वजनानं उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात, लागू द्या. दट्ट्यानं दाबून दोन मिनिटांत उरकलेलं दूध दहाव्या मिनिटाला बाहेर येतं. घरी केलेला आहार बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. लाईट जाते म्हणून फ्रिजवरही पूर्ण भरवसा ठेवू नका. थोडं करा आणि ताजं करा. टँकरचं असो की बोअरचं, पाणी उकळूनच वापरा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर सिरिंजमध्ये बसतो, त्यानं घाबरू नका, पण दट्ट्या अडकायला लागला की सिरिंज बदला.

पोटातल्या नळीकडे येतो. तिला गॅस्ट्रोस्टोमी म्हणतात. पोट फाडणं हे सासूबाईंच्या डोळ्यांसमोरचं चित्र बरोबर नाही, पण ते कुठून आलं ते कळतं. दुर्बिणीतून नळी टाकण्याची पद्धत १९७९मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला पहिल्यांदा वापरली गेली. गॉडेरर आणि पॉन्स्की या दोन डॉक्टरांनी ती शोधली. ती मुळात लहान बाळासाठीच करून पाहिली होती, काही महिन्यांच्या. मोठ्यांमध्ये ती नंतर रुजली. तोंडातून दुर्बीण जठरात नेतात, पोटावर सेंटीमीटरभर छेद घेतात आणि नळी बाहेर काढतात. ही सोय नसेल तिथं सर्जन पोटावर छोटा छेद घेऊन जठर आतून पोटाच्या भिंतीला टाचतात आणि नळी बसवतात. तीही जुनी, भरवशाची पद्धत आहे. दोन्हींत भूल लागते, आणि तुमच्या भाचीत खरी जोखीम ती आहे. म्हणून आधी चार-सहा आठवडे नाकातल्याच नळीतून वजन आणि रक्त थोडं वर आणा, छाती साफ होऊ द्या, मग ऑपरेशन. घाई करणाऱ्याला हे सांगा. पण "वजन वाढलं की बघू" म्हणत आणखी एक वर्ष ढकलणाऱ्यालाही तारीख विचारा.

त्यानंतरचे त्रास लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नळीभोवती लालसर मांस वाढतं, कधी रक्ताळतं. ते दिसायला भयंकर वाटतं, पण बहुधा किरकोळ असतं, मलमानं किंवा डॉक्टरांनी दवाखान्यात औषध लावून डागल्यानं बसतं. बाजूनं दूध किंवा आम्ल झिरपून कातडी लाल होते. झिरपतंय म्हणून मोठ्या नंबरची नळी घालण्याचा मोह सगळ्यांना होतो, त्यानं भोक आणखी रुंदावतं. नळी हलते का, तिला जठरात अडकवून धरणाऱ्या फुग्यात पाणी आहे का, कोठा साफ आहे का, हे आधी बघायचं. फुग्याच्या नळीतलं पाणी आठवड्यातून एकदा सिरिंजनं काढून मोजायचं आणि पुन्हा भरायचं. फुगा फुटतोच कधीतरी, म्हणून ती नळी साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते.

आणि नळी निघून येते. लेकरू ओढतं, लहान भाऊ ओढतो, कपडे काढताना अडकते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत निघाली तर घरी कुणीही काही घालायचं नाही, वर कोरडं गॉझ ठेवून थेट दवाखाना. तेव्हा जठर आणि पोटाची भिंत पक्की जुळलेली नसते आणि नळी भलत्या जागी जाऊ शकते. त्यानंतर निघाली तर मात्र वेळ दवडायचा नाही. नवीन कान टोचल्यावर काडी काढली की भोक बुजायला लागतं, तसंच हे, फक्त इथं दिवस नाही, तास मोजायचे. म्हणून पिशवीत त्याच नंबरचा किंवा एक नंबर लहान फोलीज कॅथेटर (लघवीसाठी वापरतात ती फुग्याची नळी) कायम ठेवा, तो हलक्या हातानं आत सरकवून चिकटपट्टीनं धरून ठेवायला आईला शिकवून घ्या, आणि मग दवाखान्यात या. जागा तपासेपर्यंत त्यातून काही द्यायचं नाही. भोक पक्कं झाल्यावर पोटासरशी बसणारं बटण घालता येतं, कपड्याखाली दिसतही नाही. शहरात मिळतं, महाग आहे. आपल्याकडे पुष्कळ मुलं साध्या कॅथेटरवर वर्षानुवर्षं चालतात.

या नळीनं काय होणार नाही तेही ऐका. तिचा न्यूमोनिया पूर्ण थांबणार नाही. स्वतःची लाळ श्वासनलिकेत जाणं आणि जठरातलं वर येणं हे नळीच्या जागेवर अवलंबून नाही. तिचं मूळ दुखणं बदलणार नाही. होईल ते एवढं, की दर आठवड्याला नाकात नळी सारण्याचा छळ संपेल, औषधं वेळेवर आणि पूर्ण जातील, १४ नंबरची नळी बसली तर घरचं घोटलेलं अन्न जाईल, आणि बहिणीचे भरवण्यात जाणारे तास थोडे कमी होतील. मला विचाराल तर तुमच्या भाचीसाठी मी पोटातल्या नळीच्या बाजूनं आहे. वर्षभर नळी, मान धरत नाही, न्यूमोनिया होऊन गेलेला. यात थांबण्यासारखं मला काही दिसत नाही. एक गंमत अशी की नळी बसल्यावर काही घरी उलटी अडचण येते. अन्न आत जातंय म्हणून सगळे भरतच राहतात, लेकरू हालचालीविना जाड होतं आणि उचलताना आईची कंबर जाते. म्हणून दर महिन्याला वजन हवं, अंगणवाडीच्या काट्यावर केलं तरी चालेल.

सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. नळी आली की तोंड विसरलं जातं, हे त्यांनी बरोबर हेरलंय. फक्त पोट भरण्याचं काम तोंडावर टाकायचं नाही, आणि बोंडल्यानं, आडवं पाडून, नाक दाबून पाजणं तर पूर्ण बंद. त्यानंच पहिला न्यूमोनिया झाला असण्याची शक्यता मोठी आहे. पाणी पिताना ठसका, खाल्ल्यावर आवाज ओलसर, डोळ्यांत पाणी, छातीत घरघर, ही अन्न चुकीच्या वाटेनं जात असल्याची लक्षणं. आणि काही लेकरांत तर ठसकाही येत नाही. पण चव देता येते. नळीतून दूध चालू असताना तिला टेकवून बसवा आणि वरणाचं एक बोट, गुळाच्या पाण्याचा थेंब, आंब्याच्या रसाचा ठिपका जिभेच्या टोकाला लावा. हे काम सासूबाईंनाच द्या. पोट भरत असताना तोंडात चव आली की खाण्याशी तोंडाचं नातं टिकतं. गाल, ओठ, हिरड्या रोज हलक्या हातानं चोळा, म्हणजे कुणी तोंडाला हात लावला की अंग ताठ करणं कमी होतं. किती आणि कोणत्या घट्टपणाचं द्यायचं हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याची विचारणा करा.

दातही बघा. तोंडानं न खाणाऱ्या मुलांच्या दातांवर खाणाऱ्यांपेक्षा जास्त किटण चढतं, कारण चावण्यानं जी सफाई होते ती होत नाही. तीच घाण लाळेबरोबर छातीत जाते. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, पेस्ट अगदी मटारच्या दाण्याहून कमी किंवा नुसतं पाणी, आणि तोंड एका कुशीवर झुकवून.

नळीची सवय लागून तोंडानं खाणं कायमचं जातं का, ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. डोक्याला मार लागलेली, जीबीएस (अचानक हातपाय लुळे पडण्याचा मज्जातंतूंचा आजार) झालेली मुलं बरी होत जातात तशी नळी सुटते. हळूहळू, भुकेच्या वेळा जुळवत, काही महिन्यांत. तुमच्या भाचीचं गिळणं मुळातच मेंदूच्या इजेमुळं कच्चं आहे, नळीमुळं नाही. ती थोडंफार तोंडानं घेऊ लागेल, पण सगळं पोट तोंडानं भरेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही.

ऊसतोडीचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलाय, मला तो सगळ्यांत जड वाटतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बायको मागे राहिली की अर्धा कोयता आणि हिशेब बिघडतो, हे सगळं मला माहीत आहे. तरी सांगतो, या हंगामात बहिणीनं आणि लेकरानं गावात राहावं. फडावर पहाटे चारला निघायचं, कोपीत चुलीचा धूर, पाचटाची धूळ, पाणी टाकीतलं, आणि नळी निघाली तर जवळचा दवाखाना कुठला हे कुणालाच माहीत नसतं. ऑपरेशन दसऱ्याच्या तोंडावर करून दिवाळीत निघायचं असा बेत तर मुळीच नको. पहिले दोन महिने तरी मोठ्या दवाखान्यापासून तास-दीड तासाच्या आत राहायला हवं. जावंच लागलं तर कारखान्याजवळचं ग्रामीण रुग्णालय आणि लहान मुलांचे डॉक्टर आधी फोन करून शोधा. डिस्चार्ज कार्डाचे फोटो आईच्या आणि बापाच्या दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. तीन जादा नळ्या, सिरिंजा, पीएच पट्ट्या आणि झटक्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे पिशवीत असू द्या.

बहिणीशिवाय आणखी एका माणसाला नळीचं सगळं आलं पाहिजे. मी सुट्टी देताना दोन जणांनी माझ्या सिस्टरसमोर तीन-तीन वेळा करून दाखवल्याशिवाय कागदावर सही करत नाही, तुम्हीही तसा आग्रह धरा. मामा म्हणून तुम्ही स्वतः शिकलात तर फारच बरं. नळी आहे म्हणून त्या लेकराला शेजारपाजारचं कुणी घटकाभरही सांभाळत नाही, आणि आई वर्षभर सलग चार तास झोपलेली नसते. तिचं स्वतःचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

पैशाचं म्हणाल तर आधी दिव्यांगाचं यूडीआयडी ओळखपत्र काढा, सेरेब्रल पाल्सी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्यावर नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना मिळते, तिचं संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत आहे. ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच लेखी विचारा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या चिठ्ठीवर पुढचं पाठवणं सोपं जातं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरला किंवा नांदेडला, जिथं जाल तिथं लहान मुलांचे सर्जन कोणत्या वारी असतात हे फोनवर विचारूनच गाडी करा.

जाताना तीन दिवसांची वही न्या. प्रत्येक वेळी काय घातलं, किती मिली, किती वाजता, उलटी झाली का, शौचाला झाली का, झटका आला का. चालू औषधांच्या बाटल्या तशाच पिशवीत टाका, नावं पाठ करत बसू नका. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी तोंडावर विचारा: ही नळी किती काळ लागेल असं तुम्हाला वाटतं, पुढची बदली कधी आणि कुणी करायची, आणि रात्री दोनला निघाली तर आम्ही कुठं जायचं. उत्तरं कार्डावर लिहून घ्या, आणि बहिणीला वाचून दाखवा.